रजेच्या दाखल्यावर काय लिहायचे?

किल्लारीसारख्या गावात पतसंस्थेत काम करणारी एखादी बाई गर्भपात होऊन, अंगावरून खूप रक्त जाऊन रात्री दवाखान्यात दाखल होते. जीव वाचतो, आणि घरच्यांना प्रश्न पडतो, रजेच्या दाखल्यावर काय लिहायचे? लाजेपोटी ‘ताप’ लिहून घेतात. तिथेच बाई हक्काला मुकते.

गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. दुखणे लांबलेच तर आणखी महिनाभर. मात्र पुरावा लागतो, आणि तापाचा दाखला म्हणजे गर्भपाताचा पुरावा नव्हे. बोभाट्याची भीती वाटते ना? गर्भ काढावा लागला असेल, तर त्याविषयीचे २००३ चे विनियम पाहा. बाईच्या अर्जावरून डॉक्टर रजेसाठी दाखला देऊ शकतात आणि मालकाने ती माहिती दुसऱ्या कोणालाही सांगायची नाही. प्रत्येक कचेरीत भिंतीवर लावावी अशी ही ओळ आहे!

पण ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे काय? तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल आधीच घेतलेली. एक दिवस बसून राहिली, की ‘खाडा’ पडतो, पैसे कापले जातात. दाखला आणला तरी द्यायचा कोणाला? शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, शासनाला समिती नेमावी लागली. त्या चर्चेतही हा खाडा पुन्हा पुन्हा आला.