दुकानाचा हिशेब दुरून कसा पाहावा?

या स्मरणिकेसाठी काही लिहा असे चिटणीसांनी सांगितले तेव्हा शिक्षणाविषयी चार शब्द लिहावेत असा आमचा विचार होता. मास्तराकडून लोक तेच अपेक्षितात. परंतु अलीकडे वस्तीतील मंडळी आमच्याकडे ज्या गोष्टीचा सल्ला विचारावयास येतात ती शाळेची नसून दुकानाची असते. संगणक दुकानात, आम्ही घरी किंवा गावी; मग हिशेब पाहावयाचा कसा? पर्वत पाटियाच्या आसपास राहणाऱ्या आपल्या बहुतेक कुटुंबांचे एक पाऊल सुरतेत तर दुसरे नंदुरबार, धुळे किंवा जळगावकडे असते. कोणाची एम्ब्रॉयडरीची यंत्रे आहेत, कोणी साड्यांना लेस लावण्याचे जॉबवर्क करतो, कोणी रिंग रोडच्या मार्केटात गाळा घेऊन बसला आहे. लाल कापडाच्या वह्या गेल्या आणि हिशेब संगणकात आला. पण वही काखेत मारून घरी नेता येत असे, संगणक नेता येत नाही.

हा प्रश्न किती निकडीचा होऊ शकतो ते आम्हांला आमच्याच गल्लीत पाहावयास मिळाले. जॉबवर्क करणारे एक गृहस्थ अचानक वारले. कोणत्या व्यापाऱ्याकडे किती ताके गेले, कोणाकडून किती येणे आहे, कोणत्या कारागिराने किती उचल घेतली आहे, हे सारे दुकानातल्या एका संगणकात होते. त्यांची पत्नी इद्दतीत. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडावयाचे नाही. दुकानात एक पोरगेलासा कारकून आणि आठवड्यातून दोनदा येणारे मेहताजी. येणे बाकी असलेले व्यापारी ‘हिशेब दाखवा, पैसे देतो’ म्हणत, तर कारागीर दर शनिवारी मजुरी मागत. त्या बाई आम्हांला म्हणाल्या, “सर, मला कोणाची लबाडी पकडायची नाही. मला फक्त आमची वही दिसली पाहिजे.”

अशा वेळी दोन मार्ग असतात. दोघांचीही नावे मंडळींच्या कानांवर आहेत, परंतु दोघांत फरक काय हे फार थोड्यांना ठाऊक असते आणि विकणारा तर आपल्याच मालाचे गुण गातो.

पहिला मार्ग ‘रिमोट डेस्कटॉप’चा. यात हिशेब जागचा हलत नाही. टॅलीसारखा कार्यक्रम दुकानातल्या संगणकावरच चालतो, आकडे त्याच्याच पोटात राहतात. घरी येते ते केवळ त्याच्या पडद्याचे चित्र, आणि घरून जाते ते आपण दाबलेले बटण व सरकवलेला माऊस. वर्गाच्या खिडकीबाहेर उभे राहून लांब काठीला खडू बांधून आतल्या फळ्यावर लिहावे तसा हा प्रकार आहे. फळा वर्गातच आहे. लांब झाला आहे तो आपला हात.

या मार्गाचा मोठा गुण असा की नवीन काहीच शिकावे लागत नाही. मेहताजींना वर्षानुवर्षे सवय असलेला कार्यक्रम तोच, त्यातल्या पाट्याही त्याच. दुसरा गुण सहसा कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम सांगतो. जुने हिशेबाचे कार्यक्रम आपली सगळी माहिती फायलींत ठेवतात आणि त्या फायली हाताशीच आहेत असे गृहीत धरतात. एक नोंद शोधावयाची तरी ते फायलीचे ढीगच्या ढीग तुकडे मागवतात. दुकानातल्या दुकानात तारेने जोडलेल्या दोन संगणकांत हे चालून जाते. परंतु तीच फाईल इंटरनेटवरून उघडावयास गेलो तर काम गोगलगाईच्या गतीने होते, आणि लिहिता लिहिता जोडणी तुटली तर फाईलच बिघडण्याची भीती असते. रिमोट डेस्कटॉपमध्ये फाईल आणि कार्यक्रम शेजारीशेजारीच राहतात, दूरवर जातो तो फक्त पडद्याचा बदललेला भाग. म्हणून गावाकडच्या अशक्त मोबाईल जोडणीवरही ते निभावते. जोडणी तुटलीच तर अर्धी लिहिलेली नोंद दुकानातल्या पडद्यावर तशीच थांबून राहते. पुन्हा जोडून घ्यावे आणि पुढे लिहावे. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली तेव्हा गावी अडकून पडलेल्या कित्येकांचे हिशेब याच युक्तीने चालले.

आमच्या भाच्याने त्या बाईंच्या घरी हेच करून दिले. मेहताजींकडे हिशेबाच्या कार्यक्रमाची किल्ली होती म्हणून बरे, नाही तर सगळेच खोळंबले असते. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरच्या लॅपटॉपवर आपल्या नवऱ्याचा हिशेब उघडला. पहिला अर्धा तास त्या काही न बोलता नुसत्या पाहत होत्या. मग वहीत नावे उतरवू लागल्या.

अडचणी पुढच्या आठवड्यात सुरू झाल्या. दुकानात साधा विंडोज संगणक. अशा संगणकावर एका वेळी एकालाच बसता येते. बाईंनी घरून प्रवेश केला की तिकडे कारकुनाचा पडदा बंद. त्याला चलन लिहावयाचे असे, टेम्पोवाला दारात उभा असे. तो फोन करी, “चाची, जरा बाहेर निघा ना!” अनेकांनी एकाच वेळी आत बसावयाचे तर विंडोजची सर्व्हर आवृत्ती आणि माणशी किंवा यंत्रागणिक परवाना घ्यावा लागतो, आणि तो खर्च लहान दुकानाला सोसत नाही. (विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीत तर बाहेरून कोणाला आत घेण्याची सोयच नसते. हे संगणक विकत घेताना विचारून घ्यावे.) दुसरे काही कार्यक्रम असे आहेत की त्यांत दोघांनाही एकच पडदा दिसतो आणि एकच माऊस दोघांच्या हाती असतो. दुरुस्ती करणाऱ्याला ते सोयीचे, परंतु मालकीण येणे-देणे पाहत असता दुकानातल्या चार माणसांनीही ते पाहावे हे बरे नव्हे. त्यातून संगणक रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो. रविवारी वीज गेली आणि उठून बटण दाबणारे कोणी नसले की संपले.

परंतु आम्हांला खरी धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. बाहेरून येण्यासाठी एक दार उघडावे लागते. विंडोजच्या या सोयीचे नेहमीचे दार ३३८९ क्रमांकाचे, हे जगभरच्या चोरांना पाठ आहे. माणूस नव्हे, यंत्रेच अहोरात्र अशी दारे ठोठावत फिरतात आणि एकामागून एक पासवर्ड लावून पाहतात. दुकानाचे नाव आणि १२३ असा पासवर्ड असेल तर तो किती वेळ टिकेल? मे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने याच सोयीतील एक भयंकर दोष जाहीर केला. पासवर्ड ठाऊक नसतानाही त्यातून शिरता येत असे. दोष इतका गंभीर की आयुष्य संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा त्यांनी दुरुस्ती काढली. आत शिरलेला माणूस सगळ्या फायलींना कुलूप घालतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. लक्षात घ्यावे की या मार्गाने आत आलेल्याला एक वही नव्हे, सारे दुकानच मिळते: हिशेब, बँकेची कागदपत्रे, मुलांचे फोटोसुद्धा. म्हणून हे दार रस्त्यावर कधीच उघडू नये. आधी व्ही.पी.एन.चे बंदिस्त अंगण, त्याच्या आत हे दार, आणि पासवर्डाखेरीज फोनवर येणारा दुसरा अंक, एवढे केल्यावाचून रिमोट डेस्कटॉप लावू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. आणखी एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांसाठी: बँकेतून बोलतो असे सांगून कोणी फोनवर असा पडदा दाखविणारा कार्यक्रम घालावयास सांगितले तर फोन ठेवून द्यावा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना या फसवणुकीबद्दल सावध केले होते.

आता दुसरा मार्ग. याची कल्पना रेल्वेच्या आरक्षणावरून चटकन येईल. पूर्वी आरक्षणाची नोंदवही त्या त्या कचेरीत असे. उधन्याच्या खिडकीला भुसावळच्या वहीतले काय ठाऊक? संगणकीय आरक्षण आले आणि वही एका जागी गेली. खिडकीवर वही उरली नाही, उरला तो फक्त प्रश्न विचारणारा. ऑगस्ट २००२ पासून तर ती खिडकी इंटरनेटवरून आपल्या घरात आली. वेबवर चालणारा हिशेब म्हणजे हेच. आपल्याकडे फक्त ब्राउझर; मोबाईलमधला असला तरी चालतो. पलीकडे सर्व्हर, आणि त्याच्या मागे माहितीचा साठा, म्हणजे डेटाबेस. ब्राउझर विचारतो, सर्व्हर विचारणारा कोण ते पाहतो, साठ्यातून तेवढेच काढतो आणि उत्तर धाडतो. साठ्याला हात लावण्याची मुभा सर्व्हरखेरीज कोणालाच नाही. जी.एस.टी.चे संकेतस्थळ १ जुलै २०१७ नंतर आपण सारे वापरतो, ते याच जातीचे. म्हणजे न कळत आपण हा मार्ग शिकलेलोच आहोत.

अशा साठ्याची मांडणी कोष्टकांत करण्याचा विचार १९७० साली एडगर कॉड या शास्त्रज्ञाने मांडला. व्यापाऱ्यांचे कोष्टक वेगळे, चलनांचे वेगळे, आणि दोहोंना जोडणारा एक क्रमांक. शाळेच्या हजेरीपटात पटक्रमांक असतो तसाच तो. व्यापाऱ्याचा पत्ता बदलला तर एकाच जागी बदलावा, हजार चलनांत नव्हे. आणि यातील सर्वांत सुंदर गोष्ट आम्हांला वाटते ती ही: समजा ग्रे कापडाचा शेवटचा एकच ताका उरला आहे, आणि दुकानातून कारकुनाने व गोदामातून दुसऱ्याने एकाच क्षणी तो दोन गिऱ्हाइकांना लिहिला. कार्यक्रम नीट रचलेला असेल तर साठा एकालाच देईल आणि दुसऱ्याला ‘माल शिल्लक नाही’ म्हणेल. तसेच, माल वजा झाला पण बिल उमटले नाही असे अर्धवट काम तो ठेवीत नाही. दोन्ही नोंदी झाल्या तर पक्के, नाही तर दोन्ही रद्द. भांडणे किती वाचतात याचा हिशेब व्यापाऱ्यांनीच करावा.

याचा दुसरा गुण अधिकारांची वाटणी. कारकुनाने चलन लिहावे पण खोडू नये, मेहताजींनी जमाखर्च पाहावा पण कारागिरांच्या घरच्या अडचणींची टिपणे पाहू नयेत, मालकिणीने सारे पाहावे. आणि कोणी केव्हा काय बदलले त्याची नोंद आपोआप राहावी. कागदी वहीत हे कधीच शक्य नव्हते.

मग सर्वांनी हाच मार्ग का धरू नये? एक तर भाडे. दरमहा किंवा दरसाल पैसे मोजावे लागतात आणि ते थांबले की खिडकी बंद. दुसरे, इंटरनेट गेले की दुकानात बसूनही चलन निघत नाही. रिमोट डेस्कटॉपमध्ये निदान दुकानातले काम चालू राहते. तिसरे, जॉबवर्कच्या आपल्या खास पद्धती, तुटफूट, वजनातली घट, कारागिराची उचल, या तयार कार्यक्रमांत बसत नाहीत. आणि तिथेही चोर आहेतच. एकच पासवर्ड पाचजणांत वाटला तर अधिकारांची सारी वाटणी फुकट. आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराने स्वस्त मिळतो म्हणून असाच एक कार्यक्रम घेतला. दोन वर्षांनी विकणाऱ्याने धंदा बंद केला, आणि दोन वर्षांची बिले मागता मागता या गृहस्थांचे जोडे झिजले. जी.एस.टी.च्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. म्हणून करार करण्यापूर्वीच विचारावे: आमचा सारा हिशेब आम्हांला हवा तेव्हा, दुसरीकडे उघडता येईल अशा फायलीत, मिळेल काय? विकणारा घुटमळला तर तेथून उठावे.

पुराचेही बोलले पाहिजे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्यूसेकच्या आसपास पाणी सुटले आणि सुरतेचा फार मोठा भाग बुडाला, ते दिवस आमच्या पिढीला विसरता येत नाहीत. आपल्या भागाला तर खाडीचे पाणीही आहे. तळमजल्यावरचा संगणक बुडाला तर रिमोट डेस्कटॉप काय दाखविणार? वेबवरचा साठा दुसऱ्या गावी असतो म्हणून तो तरतो; तरी त्याचीही प्रत आपल्याजवळ असावी. संगणक दुकानातच ठेवावयाचा असेल तर रोजची एक प्रत घरी आणि एक प्रत शहराबाहेर जाईल अशी व्यवस्था करावी, आणि ती प्रत उघडते की नाही हे महिन्यातून एकदा उघडून पाहावे. परीक्षा न घेता मुलगा हुशार आहे असे म्हणण्यात अर्थ नसतो.

त्या बाईंनी शेवटी दोन्ही मार्गांचा मेळ घातला. जुनी पाच वर्षे टॅलीत आणि दुकानातच राहिली; मेहताजी ती व्ही.पी.एन.मधून ठराविक वेळी, कारकून जेवावयास गेला असता, पाहतात. चलने, ताके आणि कारागिरांची उचल मात्र एका लहानशा वेब कार्यक्रमात घातली. तो भाच्याने आणि त्याच्या मित्राने तीन महिने खपून लिहिला. पहिल्या महिन्यात त्यात घट दोनदा वजा होत होती. ती चूक कार्यक्रम लिहिणाऱ्यांना सापडली नाही, बाईंना सापडली, कारण त्या रोज रात्री कागदावर बेरीज करून ताडून पाहत. इद्दत संपायच्या आत बहुतेक येणे वसूल झाले होते, आणि एका कारागिराची साडेचार हजारांची मजुरी, जी यजमानांनी लिहून ठेवली होती पण त्याला स्वतःलाही आठवत नव्हती, ती त्यांनी बोलावून त्याच्या हाती दिली.

पासवर्डांचा कागद आता दोन बंद लिफाफ्यांत आहे. एक त्यांच्या कपाटात, दुसरा त्यांच्या भावाकडे नंदुरबारला.