उन्हाळी भाजीची टोपली: एकदम पेरू नका, टप्प्याने पेरा



उन्हाळी टोपलीची नोंदणी सुरू आहे. शहरातली कुटुंबं मार्चअखेर ते मेअखेरपर्यंतचे पैसे आगाऊ भरतात आणि दर शनिवारी आपली भाजी घेतात. म्हणजे गिऱ्हाईक ठरलं, भावही ठरला. आता दर शनिवारी टोपली भरायची, एवढंच काम आपल्याकडे राहिलं. आजचा सल्ला थोडा लांब आहे, पण बी विकत घ्यायच्या आधी वाचा.

*१) बाजाराची पेरणी वेगळी, टोपलीची वेगळी*
बाजारासाठी आपण दहा गुंठे भेंडी एकाच दिवशी टोकतो. माल जोरात आला की गाडी भरून आडतीवर नेतो. टोपलीला हे चालत नाही. एका घराला आठवड्याला अर्धा किलो भेंडी पुरते. एप्रिलमध्ये सगळी भेंडी एकदम आली तर उरते, आणि मे महिन्यात झाड थकलं की टोपलीत भेंडीच नसते. पैसे आधीच भरलेल्या माणसाला दोन्ही गोष्टी खटकतात.

ही पद्धत नवी नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात गृहिणींनी थेट शेतकऱ्यांशी असा करार करायला सुरुवात केली. तिथे त्याला ‘तेइकेई’ म्हणतात. अमेरिकेत १९८६ पासून अशी शेती सुरू झाली. दोन्हीकडे तत्त्व एकच: हंगाम चांगला गेला तर वाटा दोघांचा, गारपीट झाली तर झळही दोघांना. पण ग्राहक गारपीट समजून घेतो. आपलं नियोजन चुकलं तर ते तो का समजून घेईल?

*२) आधी पाणी मोजा*
विहीर किंवा बोअर मे महिन्यात किती तास चालते, ते गेल्या उन्हाळ्यावरून आठवा. तेवढ्याच पाण्यावर क्षेत्र ठरवा, आजच्या पाण्यावर नको. पाणी कमी असेल तर गवार घ्या, ती ताण सोसते. काकडीला पाण्याचा ताण आणि कडक ऊन एकत्र मिळालं की फळ कडू होतं. कडू काकडी एकदा घरात गेली की फोन येणारच.

*३) टप्पे असे पाडा*
• *भेंडी:* क्षेत्राचे तीन भाग करा. पहिला ५ फेब्रुवारीच्या आसपास, दुसरा २० फेब्रुवारीला, तिसरा ६ मार्चला. पेरणीपासून साधारण ४५ ते ५० दिवसांत तोडा सुरू होतो. शेवटच्या भागाला पांढऱ्या माशीमुळे केवडा (पिवळा मोझॅक) जास्त येतो. म्हणून रोगाला दाद न देणारे वाण निवडा, पिवळे चिकट सापळे लावा आणि रोगट झाड दिसताक्षणी उपटा.
• *गवार:* दोन टप्पे, मध्ये तीन आठवडे.
• *काकडी, दोडका:* दोन टप्पे. पहिल्या वेलाचं फळ कमी व्हायला लागेल तेव्हा दुसरा वेल धरलेला हवा.
• *कोथिंबीर:* दर आठवड्याला एक गुंठा, त्याहून जास्त नको. धणे रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजवून पेरा. मार्चनंतरची पेरणी शेडनेटखाली किंवा झाडाच्या विरळ सावलीत करा.
• *लाल माठ, राजगिरा:* दर दहा दिवसांनी एक वाफा. २५ ते ३० दिवसांत काढणी.

टोमॅटोवर उन्हाळ्यात भिस्त ठेवू नका. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रही गरम राहिली की फूल गळतं. ग्राहकांना आम्ही आधीच सांगतोय की मे महिन्यात टोमॅटो कमी येईल, त्याजागी कैरी, कांदा, लसूण मिळेल.

*४) कांदा घाई करून देऊ नका*
निम्म्या माना पडल्या की काढणी करा. काढलेला कांदा पातीसकट तीन ते पाच दिवस शेतातच सुकवा, पण एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा पसरा, म्हणजे ऊन लागून सालपट भाजत नाही. मग मान इंचभर ठेवून पात कापा आणि दोन आठवडे सावलीत राहू द्या. असा कांदा जूनपर्यंत टोपलीला साथ देतो.

*५) तोडणी आणि फवारणी*
भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते. उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी ती जून होते. आता हिशोब करा: औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर सात दिवस थांबा असं लिहिलं असेल, तर तीन तोडे फेकावे लागतील. फेकायचे नसतील तर ते औषध भेंडीवर नकोच. सुरुवातीपासून ५ टक्के निंबोळी अर्क आणि सापळे यांवर भर द्या. प्रतीक्षा काळ न पाळलेला माल टोपलीत घेतला जाणार नाही, मग सभासद कुणीही असो.

तोडणी सकाळी आठच्या आत. भेंडी धुऊ नका, ओली राहिली की काळी पडते. क्रेट सावलीत ठेवा, वर ओलं गोणपाट टाका. ज्यांच्याकडे शुक्रवारी माल जमतो, त्यांनी विटांचा शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधावा. विटांच्या दोन भिंती, मध्ये ७.५ सेंटीमीटर फट, फटीत नदीची वाळू. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची. वीज लागत नाही आणि उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० अंश किंवा त्याहून खाली राहतं. मापं हवी असतील तर कळवा, मी पाठवतो.

*६) शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं*
मे महिन्यात कोथिंबीर आणि गवारीचा बाजारभाव आपल्या टोपलीच्या भावाच्या वर जाईल, हे जवळपास ठरलेलं आहे. तेव्हा चांगला माल बाजारात आणि उरलेला टोपलीत, असं करावंसं वाटेल. वाटणं साहजिक आहे, घर सगळ्यांनाच चालवायचंय. पण दुसरी बाजूही बघा. एप्रिलमध्ये काकडी मातीमोल होते तेव्हा हीच कुटुंबं ठरलेल्या भावानं घेतात. त्यांनी आपला पडता काळ धरला, तर आपण त्यांचा चढता काळ धरायला नको का? जास्तीचा माल खुशाल बाजारात न्या, फक्त टोपलीचा वाटा आधी बाजूला काढा.

*काय करायचं:* शुक्रवारपर्यंत याच नंबरवर तीन गोष्टी पाठवा. कोणती भाजी, किती गुंठे, आणि प्रत्येक टप्प्याची पेरणीची तारीख. लिहायचा कंटाळा असेल तर बोलून पाठवा. सगळ्यांच्या तारखा जुळवून कोणत्या शनिवारी काय कमी पडतंय ते सोमवारी कळवतो, म्हणजे बी घ्यायच्या आधी बदल करता येईल.

आपला,
कृषी सल्लागार