खेळणं किती खेळलं गेलं?

मुलांची खेळणी आणि पर्यावरण हा विषय निघाला की बोलणं लगेच लाकूड की प्लास्टिक यावर येतं. लाकूड चांगलं, प्लास्टिक वाईट, असा निवाडा होतो आणि आईवडील चार पैसे जास्त मोजून लाकडी घोडा घरी आणतात. या निवाड्यात तथ्य आहेच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१४ मध्ये निरनिराळ्या उद्योगांच्या प्लास्टिकवापराचा हिशेब मांडला, तेव्हा उलाढालीच्या मानाने सर्वाधिक प्लास्टिक लागणाऱ्या उद्योगांत खेळण्यांचा उद्योग अगदी वरच्या जागी होता. तरीही खेळणं कशाचं आहे याच्या आधी विचारायला हवं ते हे, की त्याच्याशी किती तास, किती वर्षं आणि किती मुलं खेळणार आहेत. वस्तू घडवताना पृथ्वीकडून जे घेतलं गेलं ते एकदाच घेतलं जातं. ते दहा मिनिटांच्या कुतूहलावर खर्च झालं की तीन मुलांच्या बालपणाला पुरलं, यावर जवळजवळ सगळा हिशेब ठरतो.

बाजारातली बॅटरीवर चालणारी साधी मोटारगाडी उघडून पाहा. कवच एका प्रकारच्या प्लास्टिकचं, चाकं दुसऱ्या प्रकारच्या मऊ प्लास्टिकची, आतले दाते तिसऱ्याच प्रकारचे. शिवाय पोलादी स्क्रू, तांब्याच्या तारा, छोटी मोटर, दिवा आणि आवाज काढणारी इवलीशी चकती. हे सगळं सुटं करायला जी मजुरी लागते तेवढी किंमत त्यातून निघणाऱ्या मालाला येत नाही. म्हणून पाण्याच्या बाटल्या आनंदाने नेणारा भंगारवाला मोडकं खेळणं बहुधा बाजूला सारतो आणि ते कचरा डेपोत जातं. विजेवर किंवा बॅटरीवर चालणारी खेळणी आता कायद्यानेही वेगळी धरली आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत त्यांचा समावेश आहे, म्हणजे ती सुक्या कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यायला हवीत. हे फार थोड्या घरांत माहीत आहे. अशा खेळण्यांतला बटणासारखा सेल मुलाने गिळला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते, हेही माहीत असायला हवं. ज्या खेळण्याचं सगळं कौतुक एक बटण दाबण्यात संपतं ते मुलाच्या हातात सर्वांत कमी टिकतं आणि जमिनीत सर्वांत जास्त, असं माझं मत आहे.

याउलट उदाहरण प्लास्टिकचंच आहे. डेन्मार्कच्या लेगो कंपनीच्या १९५८ साली पेटंट घेतलेल्या रचनेचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात घट्ट बसतो. आजोबांचे ठोकळे नातवाच्या डब्यात मिसळता येतात. याच कंपनीने २०२१ मध्ये टाकाऊ पाण्याच्या बाटल्यांपासून ठोकळे करण्याचा प्रयोग जाहीर केला आणि २०२३ मध्ये तो सोडून दिला. नव्या मालासाठी कारखान्यांतली यंत्रसामग्री बदलावी लागली असती आणि ठोकळ्याच्या एकूण आयुष्यात कार्बनचं उत्सर्जन कमी होण्याऐवजी वाढलं असतं, असा त्यांचाच हिशेब निघाला. ‘पुनर्वापरातून बनलेलं’ एवढं लेबल पाहून निश्चिंत होता येत नाही, हे यातून कळतं. अर्थात टिकाऊपणाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये अंदाज बांधला की समुद्रात गेलेला असा ठोकळा शंभर ते तेराशे वर्षं टिकू शकतो. म्हणून तो डब्यात राहणं, हरवू न देणं आणि पुढच्या मुलाकडे जाणं याला मोल आहे.

लाकडाचंही तसंच. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं, भाज्या आणि भातुकली, चन्नपट्टणची लाखेच्या रंगांची भिंगरी, कोंडापल्लीच्या बाहुल्या ही आपली मोठी परंपरा आहे. पण कोंडापल्लीचे कारागीर ज्या हलक्या, पांढऱ्या ‘तेल्ला पोनिकी’ लाकडावर अवलंबून आहेत ते जवळच्या डोंगरांत दुर्मीळ होत गेलं. झाड तोडलं आणि मागे लावलं नाही, तर लाकडी खेळणंही निसर्गाचं देणं बुडवतं. दुकानात ‘लाकडी’ म्हणून मिळणारी बरीच स्वस्त खेळणी तर भुसा आणि डिंक दाबून केलेल्या पाट्यांची असतात. लाकडाचा खरा गुण वेगळा आहे. लाकूड दुरुस्त होतं. नागपुरात आणि विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलं चाकं लावलेले लाकडी बैल ओढत निघतात. तो बैल सणापुरता बाहेर येतो, चाक निखळलं तर बसवलं जातं, रंग उडाला तर पुन्हा दिला जातो आणि घरातला धाकटा मोठा झाला की त्याच्या मागच्याकडे जातो.

मुलाला खेळ पुरवण्यासाठी वस्तू जवळजवळ लागतच नाही, याचा सर्वांत सुंदर पुरावा मला दिवाळीच्या किल्ल्यात दिसतो. सहामाही परीक्षा संपते, मुलं कुठून कुठून विटा, दगड आणि जुनी पोती गोळा करतात, माती चाळतात, चिखल कालवतात, बुरूज खचला की पुन्हा रचतात. मोहरी आणि अळीव पेरायचे, पाणी शिंपडायचं, चार दिवसांत किल्ला हिरवा होण्याची वाट पाहायची. तळं कुठे, गुहा कुठे, दरवाजा कोणत्या बाजूला यावर भांडणं व्हायची आणि मिटायची. सिंहासनावरचे महाराज आणि मावळे तेवढे विकतचे, तेही जपून ठेवून पुढच्या वर्षी मांडायचे. दिवाळी झाली की माती बागेत जाते, विटा जागेवर. इथे खेळाचे तास भरपूर आणि कचरा नाममात्र. आता बाजारात प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळतात. ते पाण्यात सहज विरघळत नाहीत ही तक्रार रास्त आहे. माझी तक्रार त्याहून मोठी आहे: तयार किल्ला घरी आणून ठेवायला पाच मिनिटं पुरतात. आठवडाभराचा खेळ त्यात हरवला आणि त्याची भरपाई म्हणून मुलाला आणखी एखादी वस्तू लागणार.

वस्तू कमी आणि खेळ जास्त हे शिक्षणाच्या दृष्टीनेही चालतं का, अशी शंका येईल. तिचं उत्तर महाराष्ट्रात फार पूर्वी देऊन झालं आहे. ताराबाई मोडक माँटेसोरी पद्धतीच्या जाणकार होत्या, पण त्या पद्धतीचं साहित्य महाग होतं आणि खेड्यातल्या मुलांच्या आवाक्यापलीकडचं होतं. १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे चिंचोके, बिया, शिंपले, पानं आणि खडे हेच मोजण्याचं, जुळवण्याचं आणि क्रम लावण्याचं साहित्य झालं. लहान-मोठं, जड-हलकं, गुळगुळीत-खरखरीत हे समजायला परदेशी रंगीत ठोकळेच हवेत असं नाही, हे त्यांनी आदिवासी पाड्यांत प्रत्यक्ष करून दाखवलं. पुढच्या काळात टेल्कोत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि काड्यापेटीतल्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून त्यांनी जोडकामाचा खेळ उभा केला. नंतर पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी मुलांकडून करून घेतली. ती मोडतात, मोडावीत अशीच ती असतात. पण त्यांच्यासाठी नवं काही कारखान्यात घडवावं लागलं नव्हतं, आणि ती का चालतात हे कळण्यासाठी मूल ती मोडतं तेव्हा खेळ सुरूच असतो.

यावर पहिला आक्षेप असा की मूल अशाने हिरमुसेल. शेजारच्या मुलाकडे खोलीभर खेळणी आणि आपल्याकडे चिंचोके. मुलांचं वाईट वाटणं खरं असतं, ते झटकून टाकू नये. पण खूप खेळणी म्हणजे खूप खेळ, हे गृहीतच तपासायला हवं. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात ३६ लहानग्यांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन निरीक्षण केलं गेलं; २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. अभ्यास लहान आहे, त्यावरून सिद्धान्त मांडू नये. पण ज्यांच्या घरात मुलं आहेत त्यांना तो ओळखीचा वाटेल. घरात असलेल्यांपैकी निम्मी खेळणी माळ्यावर ठेवून महिन्याभराने अदलाबदल केली, तर जुनंच खेळणं नव्याच्या उत्साहाने हाती घेतलं जातं. पैसा लागत नाही, वाढदिवसाच्या भेटीही नाकाराव्या लागत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जुनी खेळणी एकाकडून दुसऱ्याकडे द्यायची तर ती सुरक्षित असतात का? प्लिमथ विद्यापीठानेच २०१८ मध्ये वापरलेली दोनशे प्लास्टिक खेळणी तपासली आणि अनेकांत शिसं, कॅडमियम, ब्रोमिन यांसारखे घातक घटक सापडले. पिवळ्या, लाल आणि काळ्या रंगांत विशेष. काळ्या प्लास्टिकची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. जुन्या टीव्ही-संगणकांची कवचं वितळवून केलेलं प्लास्टिक खेळण्यांत येतं आणि त्याच्याबरोबर त्या कवचांतली आग रोखणारी रसायनंही येतात. तेव्हा पुनर्वापराच्या नावाखाली काहीही मुलाच्या तोंडापर्यंत जाऊ देणं चूक आहे. मात्र नवं म्हणजे सुरक्षित हेही खरं नाही. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये बाजारातली आयात खेळणी तपासली तेव्हा सुमारे दोन तृतीयांश नमुने नापास झाले होते. त्यानंतर १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. ते पाहूनच घ्यावं आणि पुढे द्यायचं झाल्यास तेच द्यावं. रंगाचे पोपडे निघालेलं, चिकट झालेलं, ठिसूळ झालेलं किंवा कुठून आलं हेच माहीत नसलेलं जुनं प्लास्टिक, विशेषतः वस्तू तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलाला, कोणीही देऊ नये. यात दोन तत्त्वांचा झगडा उभा राहिला तर मुलाच्या शरीराची बाजू घ्यायची.

तिसरा आक्षेप पैशांचा. पर्यावरणपूरक खेळणी हा सुखवस्तू घरांचा शौक आहे, आठवडे बाजारात पन्नास रुपयांचा चेंडू घेणाऱ्या आईला हे सांगून काय उपयोग, असं विचारलं जातं. पण मी मांडलेल्या हिशेबात तिचीच बाजू भक्कम आहे. गल्लीतली दहा पोरं ज्या प्लास्टिकच्या चेंडूने तो फुटेपर्यंत क्रिकेट खेळली तो चेंडू, काचेच्या कपाटात शोभेला ठेवलेल्या आणि परदेशातून मागवलेल्या लाकडी इंद्रधनुष्यापेक्षा पृथ्वीला स्वस्त पडला. उपदेश करायचाच तर तो जास्त विकत घेणाऱ्या घरांना करावा. आणि गल्लीतल्या पोरांसाठी गल्ली मोकळी ठेवावी. लगोरी, विटीदांडू, गोट्या, सागरगोटे यांना सामान जवळजवळ लागत नाही, जमीन लागते. सोसायटीच्या आवारात कडेपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून गाड्या लावल्या की गोट्यांची गल उकरायला मातीच उरत नाही. मग घरात बसलेल्या मुलाला गुंतवायला खेळण्यांवर खेळणी येतात. पार्किंग आणि प्लास्टिक यांचा हा संबंध आपल्या लक्षात सहसा येत नाही.

कारागिरांचं काय, हाही प्रश्न रास्त आहे. लोकांनी कमी खेळणी घेतली तर सावंतवाडीचा कारागीर जगेल कसा? दहा तकलादू वस्तूंचे पैसे एका टिकाऊ वस्तूवर गेले, आणि ती रंगवून, जोडून देण्याचं कामही त्याच हातांकडे आलं, तर त्याचं भलंच होईल. अडचण अशी की चांगलं लाकडी खेळणं एका घराला महाग वाटतं आणि मूल दोन वर्षांत त्याच्या वयातून पुढे जातं. इथे खेळणं घराघराने विकत घेण्याची कल्पनाच थोडी बाजूला ठेवावी लागते. अमेरिकेत लॉस एंजेलिसला १९३५ मध्ये, महामंदीच्या काळात, ग्रंथालयातल्या पुस्तकासारखी मुलांना खेळणी वापरायला देण्याचा उपक्रम सुरू झाला. मुंबईच्या चिल्ड्रन टॉय फाउंडेशननेही खेळण्यांची ग्रंथालयं उभारण्याचं काम केलं आहे.

महाराष्ट्रात हे करायला नवी इमारत लागत नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो ग्रंथालयं गावागावांत आहेत, अनेकांत बालविभाग आहे आणि संध्याकाळी तिथलं कपाट उघडायला माणूस असतो. त्या बालविभागात दोन फळ्या खेळण्यांसाठी ठेवता येतील. आयएसआय चिन्ह असलेले ठोकळे, सारीपाट, कॅरम, जोडचित्रं, सावंतवाडीची भातुकली एवढ्याने सुरुवात पुष्कळ झाली. सुटे भाग मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे, डब्यावर यादी चिकटवायची. प्लास्टिक साबणाच्या पाण्याने धुवायचं, लाकूड ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं. धुणं जिकिरीचं असतं म्हणून कापडी बाहुल्या सुरुवातीला नकोत. एखादी सोंगटी हरवेल, तिच्या जागी बटण चालेल. अनुदानाच्या नियमांत खेळण्यांची खरेदी बसत नसेल तर ती बसवून घेण्याची मागणी ग्रंथालय संघांनी शासनाकडे करावी, आणि तोवर गावातल्या प्रत्येक घरात माळ्यावर पडलेलं एक धड खेळणं फळीवर आणून ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.