उत्तर ठाऊक नसलेला माणूस

गेम जॅम म्हणजे ठरलेल्या मुदतीत खेळ बनवायची स्पर्धा. स्पर्धा म्हणायची इतकंच, कारण बक्षीस बहुतेक ठिकाणी नाममात्र असतं किंवा नसतंच. गुप्त ठेवलेला विषय जाहीर होतो आणि तिथून साधारण ४८ तासांत कुणालाही खेळता येईल असा खेळ उभा करायचा. २००२ पासूनची ‘लुडम डेअर’ इंटरनेटवर भरते, २००६ साली सुरू झालेली ‘नॉर्डिक गेम जॅम’ कोपनहेगनमध्ये, आणि तिच्यापासून स्फूर्ती घेतलेली ‘ग्लोबल गेम जॅम’ २००९ पासून जगभरच्या शहरांत. या जॅमविषयी जे लिहिलं जातं ते बहुतेक घड्याळाविषयी असतं : जागरणं, कॉफी, शेवटच्या तासाला सापडलेला बग. धावण्या-उडण्याच्या खेळांपुरतं ते खरंही आहे. छोटा कोड्यांचा खेळ करणाऱ्याची टंचाई मात्र वेगळी असते, असं माझं म्हणणं आहे. वेळ त्यालाही कमी पडतो. पण त्याआधी कमी पडतो तो उत्तर ठाऊक नसलेला माणूस. हे दाखवायला एका यंत्राची मदत होते, कारण त्या यंत्रानं वेळेची सबब जवळजवळ संपवून टाकली आहे.

त्याचं नाव पझलस्क्रिप्ट. ‘इन्क्रीपेअर’ या नावानं खेळ करणाऱ्या स्टीफन लाव्हेल यांनी ते २०१३ साली खुलं केलं. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, डाव्या बाजूला मजकूर लिहायचा आणि उजव्या बाजूला खेळून पाहायचं. अख्खा खेळ म्हणजे मजकुराची एक फाइल : वस्तू, खुणा, आवाज, थर, नियम, जिंकण्याची अट आणि शेवटी लेव्हल, असे तिचे ठरलेले विभाग. चित्र हवं तर पाच बाय पाच चौकटींत आकडे लिहायचे. आवाज हवा तर एक आकडा द्यायचा, त्यावरून यंत्रच आवाज घडवतं. लेव्हल म्हणजे अक्षरांची जाळी; नमुन्याच्या खेळात ठिपका म्हणजे मोकळी जमीन, चांदणी म्हणजे पेटी. चाल मागे घेण्याचं बटण आणि लेव्हल पहिल्यापासून सुरू करण्याचं बटण आयतंच मिळतं. ही शेवटची सोय किरकोळ वाटेल, पण एक चूक झाली की सगळं पुन्हा करायला लावणारा कोड्यांचा खेळ आज कुणी पाच मिनिटंही खेळणार नाही.

खरी गंमत नियमांच्या विभागात आहे. खेळणाऱ्यानं बाणाची कळ दाबली की यंत्र आधी त्याच्या पात्रावर ‘याला हलायचं आहे’ अशी खूण करतं, मग नियम वरून खाली वाचत जातं, आणि सगळे नियम लावून झाल्यावरच वस्तू प्रत्यक्ष हलवतं. नियमाच्या डाव्या अंगाला एक परिस्थिती असते आणि उजव्या अंगाला तिचं काय करायचं ते. पेटी ढकलण्याचा नियम एका ओळीत मावतो. डावीकडे : पात्र पुढे निघालंय आणि त्याच्या पुढच्या घरात पेटी आहे. उजवीकडे : तेच चित्र, फक्त आता पेटीवरही पुढे जाण्याचा बाण. दिशा सांगावी लागत नाही, यंत्र त्या ओळीच्या चारही दिशांच्या आवृत्त्या स्वतःच करून घेतं. ही ओळ काढून टाकली तर पेटी भिंतीसारखी ठाम उभी राहते, कारण पात्र आणि पेटी एकाच थरात आहेत आणि एका थरातल्या दोन वस्तू एका घरात बसत नाहीत. हिरोयुकी इमाबायाशी यांनी १९८१ साली रचलेला आणि पुढच्या वर्षी ‘थिंकिंग रॅबिट’ या कंपनीनं बाजारात आणलेला सोकोबान, म्हणजे गोदामातल्या पेट्या जागेवर ढकलण्याचा खेळ, त्याचा प्राण या एका ओळीत आहे.

आता त्या ओळीतले तिन्ही बाण उलटे करा. पात्र पेटीपासून दूर जायला निघालं की पेटीही त्याच्या मागे ओढली जाते. ढकलण्याची आणि ओढण्याची, दोन्ही ओळी एकत्र ठेवल्या की जग आणखी बदलतं. कोपऱ्यात गेलेली पेटी कायमची अडकली ही सोकोबानमधली भीती बरीचशी जाते, कारण ती ओढून बाहेर काढता येते. पण नको असलेली पेटीही मागे लागते. तिला सोडवायचं तर बाजूला सरकावं लागतं, आणि अरुंद बोळात बाजूला सरकायला जागाच नसते. जुन्या खेळात धोका कोपऱ्यांत होता, तो आता बोळात आला. हे कुणी योजलेलं नाही, तीन खुणा फिरवल्यावर ते आपोआप घडलं. या यंत्राविषयीचं माझं कौतुक नेमकं इथलं आहे : ‘असं केलं तर काय होईल’ हा प्रश्न आणि त्याचं उत्तर यांत काही सेकंदांचं अंतर उरतं. एका दुपारी वीस नियम तपासून एकोणीस टाकून देणं परवडतं.

यावर पहिला आक्षेप असा की इतक्या आखीव साच्यातून सगळे खेळ सारखेच निघणार : चौकटी, पेट्या, भिंती. दिसायला निघतातही. पण ढकलण्याचं व्याकरण किती दूर नेता येतं याचा दाखला लाव्हेल यांच्याच २०१६ सालच्या ‘स्टीफन्स सॉसेज रोल’मध्ये आहे. तो पझलस्क्रिप्टमध्ये केलेला नाही, तरी त्याची जात तीच. दोन घरं व्यापणारे सॉसेज काट्यानं ढकलत जाळीवर भाजायचे. प्रत्येकाच्या दोन्ही अर्ध्या भागांची दोन्ही अंगं नेमकी एकदाच भाजली पाहिजेत, दुसऱ्यांदा जाळीला लागलं की करपलं. एवढ्यावर मोठा आणि भलताच अवघड खेळ उभा आहे. साचेबंदपणाचा दोष साच्याला देणं सोपं असतं. बहुतेक वेळा कमतरता असते ती नियमाचे परिणाम शेवटपर्यंत तपासण्याच्या चिकाटीची.

म्हणजे नियम तासाभरात मिळाला, कोड जवळपास लिहावाच लागला नाही, लेव्हल म्हणजे दहा ओळींचा मजकूर. मग अडतं कुठे? लेव्हल बनवणारा उलट्या दिशेनं चालत असतो. त्याला आधी एक चमकदार चाल सुचते आणि मग तो तिच्याभोवती भिंती रचतो. उत्तर आधी, प्रश्न नंतर. त्यामुळे ती चाल इतरांना दिसणं किती कठीण आहे, हे त्याला स्वतःच्या डोक्यानं कधीच मोजता येत नाही. त्याला ती झाकता येत नाही. बुद्धिबळाचे कूटप्रश्न रचणाऱ्यांना ही अडचण जुनी आहे. रचनाकाराच्या नजरेतून निसटलेलं दुसरं उत्तर निघालं तर तो कूटप्रश्न सदोष ठरतो, आणि असे दोष छापून आल्यावर वाचकांनी शोधून काढल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

संगणकाला का विचारू नये, हा दुसरा आणि जास्त वजनदार आक्षेप. सोकोबान मोठ्या आकारात गणनेच्या दृष्टीनं अतिकठीण प्रश्नांच्या वर्गात बसतो, हे जोसेफ कल्बरसन यांनी १९९७ साली दाखवलं आहे. पण जॅममधल्या चिमुकल्या लेव्हलच्या सगळ्या शक्यता संगणक सहज उलगडू शकतो. लेव्हल सुटते की नाही, कमीत कमी किती चालींत सुटते, आडवाट राहिली आहे का, हे तो सांगेल, आणि ते उपयोगाचंच आहे. अवघडपणा मात्र त्याला कळत नाही. साठ चालींची लेव्हल सरळ ढकलत नेण्याची असू शकते. सात चालींची लेव्हल माणसाला तासभर बसवू शकते, कारण त्यातली तिसरी चाल म्हणजे जिंकण्याच्या जागेपासून मुद्दाम दूर जाणं असतं. संगणकाला दूर जाण्याचा संकोच नसतो, म्हणून तो संकोच मोजूही शकत नाही.

आर्वी तेइकारी या फिनलंडच्या तरुणाचा ‘बाबा इज यू’ हे इथे सर्वांत बोलकं उदाहरण. २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅमचा विषय होता ‘नॉट देअर’. तेइकारींनी नियमच ढकलता येणारे शब्द करून टाकले : ‘वॉल’, ‘इज’, ‘स्टॉप’ हे तीन ठोकळे ओळीत असेपर्यंत भिंत अडवते, एक ठोकळा बाजूला सारला की त्याच भिंतीतून चालत जाता येतं. खेळ जॅममध्ये पहिला आला. खेळाचा गाभा त्या दोन दिवसांतच सापडला होता. दोनशेहून अधिक लेव्हलचा पूर्ण खेळ मात्र १३ मार्च २०१९ रोजी आला. या मधल्या काळात नवे शब्द आले, नकाशा आला, हे खरंच. तरी नियम सापडायला दोन दिवस आणि त्यातून इतरांना सुटतील अशी कोडी घडवायला जवळपास दोन वर्षं, हे प्रमाण माझ्या मुद्द्याला जवळचं आहे.

जॅममध्ये ती दोन वर्षं नसतात, आणि उत्तर ठाऊक नसलेला माणूस तर फार लवकर संपतो. एका माणसाला एक कोडं पहिल्यांदा एकदाच सोडवता येतं. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला शुक्रवारी रात्री तिसरी लेव्हल दाखवली की शनिवारी सुधारलेल्या तिसऱ्या लेव्हलसाठी ती निकामी. चित्रं काढणारा जोडीदार नियम सुचला तेव्हा शेजारीच बसलेला होता, म्हणून तोही बाद. लुडम डेअरमध्ये भाग घेणारेच एकमेकांच्या खेळांना गुण देतात, त्यामुळे पहिला खरा परका माणूस भेटतो तो मुदत संपल्यावर, परीक्षक म्हणून. त्याच्यापुढे खेळांचा ढीग असतो. नेमबाजीचा खेळ त्याला जमला नाही तरी तो दोन मिनिटांत सगळं पाहून घेतो. कोड्यांच्या खेळात अडला की पुढचं काहीच दिसत नाही. पझलस्क्रिप्टमध्ये तर लेव्हल फाइलमधल्या क्रमानंच येतात. ‘बाबा इज यू’च्या नकाशासारख्या दोन-चार वाटा एकदम उघड्या नसतात, त्यामुळे तिसरी लेव्हल कठीण निघाली तर चौथीपासून पुढचं काम वाया.

मग दोन लेव्हलच्या मध्ये सूचनेची ओळ घालायचा मोह होतो. यंत्रात तशी सोय आहेच. ‘पेटी मागूनही ओढता येते’ असं लिहिलं की अडलेला सुटतो, पण ज्याला ते स्वतःहून दिसलं असतं त्याची त्या लेव्हलमधली एकमेव कमाईही जाते. जाणकार त्याऐवजी आधी एक इवलीशी लेव्हल ठेवतात : चार-पाच घरं, एक पेटी, आणि ओढण्याशिवाय दुसरी कोणतीच चाल शक्य नाही अशी रचना. खेळणारा चुकूनच ती चाल करतो आणि ती त्याची होते. अशा लेव्हलमध्ये दाखवण्यासारखं काही नसतं. बनवणाऱ्याला तर ती इतकी सोपी वाटते की रविवारी दुपारी काटछाट सुरू झाली की पहिली तीच जाते.