वर्षातून एकदाच ओहोटी येणारा किनारा

छत्तीसगडला समुद्र नाही. तरीही रायपूरपासून सुमारे ७० किलोमीटर अंतरावर, बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा आणि परसदा या गावांच्या जलाशयांकाठी, एरवी खाडीच्या चिखलात आढळणारे अनेक पक्षी हिवाळाभर मुक्कामाला असतात. रायपूर–बिलासपूर महामार्गावरील नांदघाटजवळून या गावांकडे वळता येते. तलावाच्या मातीच्या बांधाला, म्हणजे पाळीला, छत्तीसगढी बोलीत ‘पार’ म्हणतात आणि पक्षिनिरीक्षकाची पायवाट ती हीच. चढउतार जवळजवळ नसल्याने वृद्धांना व मुलांनाही ती सहज झेपते.

समुद्रापासून इतक्या दूर हे पक्षी का उतरतात, याचे उत्तर पाण्याच्या हालचालीत आहे. गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावर डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्यात ओहोटीमुळे खारफुटीखालचा चिखल दिवसातून दोनदा उघडा पडतो. छत्तीसगडच्या मैदानी तलावांत हीच क्रिया वर्षातून एकदा, मात्र कित्येक महिने चालते. पावसाळ्यात भरलेल्या तलावाचे पाणी पाऊस सरल्यावर सिंचनाने व बाष्पीभवनाने हळूहळू उतरू लागते, काठ आत सरकतो आणि ओल्या चिखलाचा नवा पट्टा सतत उघडा पडत राहतो. त्या चिखलात किड्यांच्या अळ्या, गांडुळासारखे कृमी आणि गोगलगाई असतात. कोणता पक्षी कोठे उभा राहील, हे त्याच्या पायांची लांबी आणि चोचीची घडण ठरवते. अगदी कडेला आखूड चोचीचे चिखल्या आणि तुरुतुरु धावणारे तुतवार दिसतात. थोड्या खोल पाण्यात तांबड्या काटकुळ्या पायांचा शेकाट्या उभा असतो, आणि त्याच्या आसपास काळ्या शेपटीचा पाणटिवळा आपली लांब सरळ चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो. त्यापुढे पसरट चोचीने पाणी गाळून अन्न मिळवणारे थापट्या बदक आणि शेपूट वर करून डोके बुडवणारे तलवार बदक असते, तर खोल पाण्यात बुडी मारणारी मोठी लालसरी तरंगते. पाळीवर एका जागी थांबून काठापासून मध्यापर्यंत नजर नेली, तरी ही सारी उतरंड समजते, आणि नवख्याने पक्ष्यांची नावे पाठ करण्याआधी हीच पाहावी.

यांतील बरेच पक्षी मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येतात. हा मार्ग म्हणजे उत्तरेकडील विणीचे प्रदेश आणि दक्षिणेकडील हिवाळी मुक्काम यांना जोडणारा, सुमारे ३० देशांवरून जाणारा हवाई पट्टा होय. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा हंस मंगोलिया, तिबेट, लडाख अशा उंच प्रदेशांत वीण करतो आणि हिमालय ओलांडून भारतात उतरतो. ७,००० मीटरहून अधिक उंचीवरील त्याच्या उड्डाणाची नोंद झालेली असून, विरळ हवेतूनही प्राणवायू पकडून ठेवणाऱ्या त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिनचा त्याला मोठा आधार मिळतो. २०२४ साली बेमेतरा जिल्ह्यात जीपीएस यंत्र बसवलेला व्हिम्ब्रेल, म्हणजे खाली वाकलेल्या लांब चोचीचा खरा समुद्रकाठचा पक्षी, दिसला. हा परिसर दूरच्या प्रवाशांचा विसावा आहे, याची याहून ठळक खूण शोधावी लागणार नाही.

गिधवा-परसदा येथे २०२१ साली राज्याच्या वन विभागाने पक्षी महोत्सव भरवला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये बिलासपूर जिल्ह्यातील कोपरा जलाशय छत्तीसगडचे पहिले रामसर स्थळ ठरले. १९७१ साली इराणमधील रामसर येथे झालेल्या करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानली गेलेली पाणथळ जागा, असा त्याचा अर्थ. या मान्यतेचे मोल मोठे आहे. तथापि पक्ष्यांचे खरे रक्षण गावच करते. कोरबा जिल्ह्यातील कनकी येथे पावसाच्या आरंभी घरटी करणाऱ्या उघड्या चोचीच्या करकोच्यांना गावकरी शुभ मानतात व त्यांना इजा होऊ देत नाहीत. अडचण उद्भवते ती पाण्याच्या वाटणीत, कारण तलावावर निस्ताराचा, म्हणजे गावाच्या नित्य वापराचा हक्क असतो, शिवाय मासेमारीची गरज आणि उन्हाळी धानाची तहानही त्यालाच भागवावी लागते. पंपांनी पाणी झपाट्याने उपसले, तर महिनोन्‌महिने चालणारी ओहोटी काही आठवड्यांत आटोपते आणि परतीच्या प्रवासापूर्वी चरबी साठवण्याच्या वेळीच पक्ष्यांचे अन्न संपते. म्हणून मार्चअखेरपर्यंत तलावात पुरेसे पाणी राखणे हा येथील पक्षिसंरक्षणाचा पहिला नियम असायला हवा. मनोरे आणि फलक त्यानंतर.

फेरीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आणि सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास उत्तम असून, सूर्य पाठीशी राहील अशी बाजू निवडल्यास रंग स्पष्ट दिसतात. चरणाऱ्या पक्ष्यांनी माना वर केल्या की तेथेच थांबावे, कारण पुढचे पाऊल त्यांना उडायला लावते आणि हजारो किलोमीटरसाठी साठवलेली शक्ती व्यर्थ जाते. छायाचित्रासाठी पाळ सोडून चिखलात उतरू नये, ड्रोन उडवू नये, आणि सोबत नेलेला प्रत्येक कागद व पिशवी परत आणावी.