बीटा-अ‍ॅलनिन: मुंग्या आल्या म्हणजे ताकद आली?

खेळ आणि आहार : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण क्रिएटिन पाहिलं. तोंडावाटे घेतलेलं क्रिएटिन स्नायूंत साठतं, हे १९९२ साली दाखवणाऱ्यांत रॉजर हॅरिस होते. त्यांनीच २००६ मध्ये सहकाऱ्यांसोबत दाखवलं की बीटा-अ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल काही आठवडे रोज घेतलं, तर स्नायूंतलं कार्नोसिन वाढतं.

हे कार्नोसिन १९०० साली रशियन रसायनशास्त्रज्ञ व्लादिमीर गुलेविच यांना मांसाच्या अर्कात सापडलं. बीटा-अ‍ॅलनिन आणि हिस्टिडिन मिळून बनलेला हा छोटा रेणू. आठशे मीटरच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर मांड्या पेटतात, पाय उचलत नाहीत. तेव्हा स्नायूपेशींत हायड्रोजन आयन साचलेले असतात. एरवी ७.१ च्या आसपास असणारा सामू ६.५ पर्यंत उतरू शकतो. कार्नोसिन हे आयन टिपकागदासारखं टिपतं आणि थकवा थोडा लांबवतं.

हिस्टिडिन शरीरात मुबलक असतं, अडतं ते बीटा-अ‍ॅलनिनवाचून. यकृत ते थोडं तयार करतं, बाकीचं मटण, चिकन, मासळीतून येतं. शाकाहारी माणसांच्या स्नायूंत कार्नोसिन सरासरीने कमी आढळतं, ते म्हणूनच. डाळी वाढवून ही उणीव भरत नाही.

आता जिममधल्या डब्याकडे येऊ. बीटा-अ‍ॅलनिन असलेल्या, व्यायामाआधी घ्यायच्या ‘प्री-वर्कआउट’ पावडरचा स्कूप घेतला की पंधरा-वीस मिनिटांत चेहरा, कान, हात यांना मुंग्या येतात आणि पोरं म्हणतात, ‘चढलं!’ त्या मुंग्या त्वचेतल्या मज्जातंतूंच्या. त्या अपायकारक नाहीत, पण त्यांचा ताकदीशी काडीचाही संबंध नाही. कार्नोसिन हळूहळू साठतं. रोज ४ ते ६ ग्रॅम बीटा-अ‍ॅलनिन, तेही किमान दोन ते चार आठवडे, असं प्रमाण अभ्यासांत वापरलं गेलं आहे. २००७ च्या एका प्रयोगात चार आठवड्यांनी कार्नोसिन सुमारे ५९ टक्के आणि दहा आठवड्यांनी ८० टक्के वाढलं होतं. म्हणजे व्यायामाच्या आधी घ्या की रात्री जेवताना, फरक पडत नाही. दिवसभरात थोडं थोडं विभागून घेतलं तर मुंग्याही कमी येतात. ‘आधी घ्या’ हा आग्रह मला तरी विक्रीचा वाटतो.

फायदा कुणाला? साधारण एक ते चार मिनिटं जीव तोडून चालणाऱ्या प्रकारांना: आठशे मीटर धावणं, दोनशे मीटर पोहणं, नौकानयनाचे छोटे टप्पे. तोही दोन-तीन टक्क्यांच्या आसपास. शर्यतीत तेवढ्यावर पदक ठरतं, हौशी माणसाला मात्र ते जाणवणारही नाही. शंभर मीटरला आम्लता साचायला वेळच मिळत नाही, आणि मॅरेथॉनमधला थकवा मुख्यतः वेगळ्या कारणांचा.

‘रिकव्हरी’साठी ते घेऊ नका. दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं ते स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे. आम्लता तर व्यायामानंतर तासाभरात ओसरलेली असते. बीटा-अ‍ॅलनिनपासून प्रथिनंही बनत नाहीत, त्यामुळे त्याने स्नायू भरून येत नाहीत. तिथे झोप आणि पोटभर प्रथिनं हवीत.

बीटा-अ‍ॅलनिनवर बंदी नाही. पण डब्यात भेसळ निघाली आणि चाचणीत सापडली, तर शिक्षा खेळाडूलाच होते. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासलेलंच उत्पादन घ्यावं. शाळकरी मुलांना तर यातलं काहीच देऊ नये.

पुढच्या आठवड्यात: हेच काम पेशीबाहेर, रक्तात करणारा खाण्याचा सोडा.