जॅग्वार बिअर पितो

एक्वादोरमध्ये अँडीज उतरून अ‍ॅमेझॉनचं जंगल सुरू होतं तिथे आव्हिला नावाचं रुना लोकांचं गाव आहे. जंगलात रात्रीचा मुक्काम पडला की तिथे नवख्याला बजावतात: उताणा झोप, पालथा झोपू नकोस. जॅग्वार आलाच आणि त्याला तुझं तोंड दिसलं, तर हाही आपल्याकडे बघणारा कुणीतरी आहे हे त्याला कळेल आणि तो वाटेला जाणार नाही. पालथा दिसलास तर त्याच्या लेखी तू नुसतं मांस. मानववंशशास्त्रज्ञ एदुआर्दो कोन यांनी २०१३ सालच्या ‘हाउ फॉरेस्ट्स थिंक’ या पुस्तकाची सुरुवातच या सल्ल्यापासून केली आहे.

वरवर पाहता हा शिकाऱ्यांचा ठोकताळा. पण जॅग्वार आपल्याकडे पाहून काहीएक ठरवतो, आणि त्याच्या ठरवण्यावर आपण माणूस की मांस हे अवलंबून असतं, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. अ‍ॅमेझॉनमधल्या अनेक जमातींमध्ये सापडणाऱ्या या विचाराला ब्राझीलचे मानववंशशास्त्रज्ञ एदुआर्दो व्हिवेरोस द कास्त्रो यांनी १९९६ साली ‘अमेरिंडियन पर्स्पेक्टिव्हिझम’ हे नाव दिलं. ‘माना’ या नियतकालिकाच्या त्याच अंकात तानिया स्तोल्झे लिमा यांचा शिंगू नदीकाठच्या युजा, म्हणजे जुरुना, लोकांवरचा लेख होता. गाजलं व्हिवेरोस द कास्त्रो यांचं नाव, पण या कल्पनेत लिमांचा वाटा बरोबरीचा आहे.

मुद्दा असा. प्रत्येक प्राणी स्वतःला माणूसच समजतो. जॅग्वारच्या दृष्टीने जॅग्वार ही माणसं. त्यांची घरं आहेत, मुखिया आहेत, लग्नं लागतात. आपल्याला जे रक्त दिसतं, ती जॅग्वारला कसाव्याची बिअर दिसते. (कसावा म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, तिकडे बायका तो शिजवून, चावून आंबवतात.) कुजक्या मढ्यातल्या अळ्या गिधाडांना भाजलेले मासे वाटतात. टॅपिर नावाचा प्राणी ज्या चिखलात लोळतो, ते त्याच्या लेखी समारंभाचं मोठं घर. आणि आपण? पेकारी नावाच्या रानडुकरांना आपण जॅग्वारसारखे हिंस्र दिसतो, तर जॅग्वारला आपण पेकारी दिसतो.

हा केवळ ज्याच्या त्याच्या मताचा प्रश्न नाही. मतं वेगळी असती तर एकाच जगाबद्दल दोघांचं दुमत झालं असतं. इथे उलट आहे. बिअर चांगली, भाजलेला मासा चविष्ट, याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. बिअर कशाला म्हणायचं, ते मात्र अंगावर कोणतं शरीर आहे त्यावर ठरतं. शरीर म्हणजे कातडी-हाडं एवढंच नव्हे. काय खातो, कसा चालतो, कुणाबरोबर राहतो, हे सगळं त्यात आलं. म्हणूनच संस्कृती एक आणि निसर्ग अनेक, अशी व्हिवेरोस द कास्त्रो यांची मांडणी आहे. आपण शाळेत नेमकं याच्या उलट शिकतो.

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी वेस्ट इंडीजच्या बेटांवरची एक गोष्ट सांगितली आहे. स्पेन तिथे चौकशी समित्या पाठवत होतं, स्थानिकांना आत्मा आहे का हे तपासायला. त्याच काळात बेटावरचे लोक पकडलेल्या गोऱ्यांना बुडवून त्यांच्या प्रेतांवर पहारा ठेवत, ती कुजतात का ते पाहायला. गोऱ्यांना आत्मा असणार यात त्यांना शंका नव्हती. आत्मा सगळ्यांनाच असतो. शंका होती ती शरीराची.

मराठी वाचकाला इथे ‘सर्वांभूती एकच आत्मा’ आठवेल आणि ओळखीचं म्हणून तो निश्चिंत होईल. तसं करू नये. आपल्याकडे हे ऐक्य उमगलं की मोक्ष. तिकडे उमगलं की पंचाईत, कारण रोज शिकार करून पोट भरायचं आहे आणि शिकार कुणीतरी आहे. वारल्यांच्या वाघोबाशीही इथे गल्लत नको. वाघोबा देव आहे, त्याची पूजा होते. या कथांतला जॅग्वार देव नाही, शेजारच्या गावचा माणूस आहे, आणि शेजारच्या गावाशी सोयरीकही होते, वैरही.

ही सोयरीक एक्वादोर-पेरू सीमेवरच्या आचुआर लोकांत उघड दिसते. १९७६ पासून तिथे राहिलेल्या मानववंशशास्त्रज्ञ फिलिप देस्कोला यांनी लिहिलं आहे की पुरुष शिकारीच्या प्राण्याशी मेहुण्यासारखं वागतो: गोड बोलायचं, पण विश्वास टाकायचा नाही. बाईचं नातं मळ्यातल्या कसाव्याशी, आईचं मुलाशी असावं तसं. ती त्याला मनातल्या मनात गाणी म्हणते. पण हे लेकरूही साधं नाही. त्याची पानं लहान मुलांचं रक्त शोषतात असं आचुआर मानतात, म्हणून बाळाला मळ्यात जपावं लागतं.

सगळ्यात मोठी भीती आपण दुसऱ्याच्या नजरेत अडकण्याची. जंगलात भेटलेली बाई आपुलकीने खाऊ घालते, आपण खातो, आणि तिचे होऊन जातो. नातं रक्तापेक्षा एकत्र जेवण्याने जुळतं. रोन्दोनियातल्या वारी लोकांच्या गोष्टींत जॅग्वार आप्ताचं रूप घेऊन मुलाला बोलावून नेतो. पेकारींच्या कळपाने ओढून नेलेला युजा शिकारी हळूहळू पेकारी होतो. पलीकडची नजर धारण करून परत येणं फक्त शमनाला, तिथल्या भगताला, जमतं. कोलंबियातल्या माकुनांकडे तो अन्नावर मंत्र घालतो, तेव्हा कुठे ‘कुणीतरी’ असलेला मासा खाण्याजोगा ‘काहीतरी’ होतो.

शत्रूच्या बाबतीत हे आणखी टोकाला जातं. व्हिवेरोस द कास्त्रो १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्राझीलमधल्या आरावेते लोकांत राहिले. तिथे शत्रूला मारणारा स्वतःही मेल्यासारखा पडून राहतो. नंतर मेलेला शत्रू त्याला गाणी शिकवतो आणि विजयाच्या नाचात मारेकरी तीच गातो. गाण्यातला ‘मी’ हा मेलेला शत्रू असतो. जिंकलेल्याने हरलेल्याच्या नजरेतून स्वतःकडे पाहायचं, असा विजयोत्सव मी तरी दुसरीकडे वाचलेला नाही.

या सिद्धान्तावर टीकाही झाली, आणि ती रास्त आहे. ब्राझीलमधल्या यानोमामी लोकांमध्ये काम केलेल्या मानववंशशास्त्रज्ञ आल्सिदा रामोस यांनी २०१२ मध्ये आक्षेप घेतला की यात शेकडो वेगवेगळे समाज एका साच्यात बसवले जातात आणि त्यांच्यावर चाललेला अन्याय बाजूला पडतो. एकट्या ब्राझीलमध्ये तीनशेहून अधिक आदिवासी समाज आहेत. परिषदेत जॅग्वारच्या बिअरवर चर्चा रंगते, तेव्हा यानोमामींच्या नद्यांत सोनं काढणाऱ्यांचा पारा मिसळत असतो. जानेवारी २०२३ मध्ये ब्राझील सरकारला तिथे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. यानोमामी नेते व शमन दावी कोपेनावा मात्र सिद्धान्त आणि लढा वेगळे ठेवत नाहीत. ब्रूस अल्बेर यांच्यासह २०१० साली आलेल्या ‘आकाश कोसळणं’ या अर्थाच्या नावाच्या फ्रेंच ग्रंथात त्यांनी गोऱ्यांना न्याहाळलं आहे. हे लोक वस्तूंवर प्रेम करतात, असं त्यांचं निदान आहे.

पेरूमध्ये मारान्योन नदीकाठच्या कुकामा जमातीतल्या बायकांनी तर कोर्टच गाठलं. कुकामा मानतात की नदीच्या तळाशी कारुआरा नावाचे आत्मे राहतात. बुडालेली, परत न मिळालेली माणसं त्यांच्यातच गेलेली आहेत, त्यांची तिथे गावं आहेत. त्यामुळे तेलवाहिनी फुटली की तेल आप्तांच्या घरात शिरतं. मारी लुस कानाकिरी यांच्या पुढाकाराने या बायकांनी लढलेल्या खटल्यात मार्च २०२४ मध्ये नाउता इथल्या न्यायालयाने नदीला हक्क असल्याचं मान्य केलं आणि वरच्या न्यायालयात तो निकाल टिकला. नदीला मिळालेले हक्क वाहण्याचे आणि प्रदूषणमुक्त राहण्याचे आहेत. वाहिनी सरकारी पेट्रोपेरू कंपनीची आहे, आणि ती सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी आता न्यायालयाच्या आदेशाने कंपनीवर आली आहे.